इंग्रजीच्या तासाला ऑनलाइन साधनं: आधी कानाचं बघा

इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जात नाही, त्या मुलांच्या शाळेला इंटरनेटवरून सगळ्यात मोलाचं काय मिळत असेल तर तो आवाज. निरनिराळ्या माणसांचा, निरनिराळ्या वेगाचा, हवा तिथे थांबवता येणारा आणि हवा तितक्यांदा ऐकवता येणारा. जोड्या लावा, रिकाम्या जागा भरा हे सगळं कागदावरही उत्तम होतं. त्यासाठी प्रोजेक्टर जुळवण्यात तासाची दहा मिनिटं घालवायची गरज नाही. तरीही तयारीला सोपी म्हणून क्विझ आणि वर्कशीटच्या संकेतस्थळांकडेच हात आधी जातो, ऐकण्याचा साठा मागे पडतो. आमच्या मते हा क्रम उलटा हवा, म्हणून इथे आधी ऐकण्याचंच.

ऐकण्याचं साहित्य घेताना पहिली अट लिखित संहितेची, म्हणजे ध्वनिफितीत बोललेलं सगळं जसंच्या तसं लिहिलेलं असण्याची. ती नसेल तर मूल नेमकं कुठे अडलं हे ना त्याला कळतं ना शिक्षकाला. दुसरी अट लांबीची: एका तासात दोन मिनिटांच्या वरचा तुकडा नीट पचत नाही. आणि फाइल उतरवून घेता आली पाहिजे, कारण नेट जायचं ते ऐन वर्गातच जातं.

या अटींवर ब्रिटिश कौन्सिलची ‘लर्नइंग्लिश’ ही संकेतस्थळं सगळ्यात भरवशाची वाटतात. लहानांसाठी ‘किड्स’, १३ ते १७ वयोगटासाठी ‘टीन्स’ आणि मोठ्यांसाठी मूळ ‘लर्नइंग्लिश’. धडे कौशल्यानुसार आणि भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय चौकटीच्या पातळ्यांनुसार, म्हणजे अगदी नवशिक्यांच्या ए१पासून ए२, बी१ अशा चढत्या क्रमाने लावलेले आहेत. ऐकण्याच्या धड्याचा साचा ठरलेला: आधी शब्दांची तयारी, मग ध्वनिफीत, मग एक-दोन सराव, सोबत संहिता आणि छापता येणारी पानं. पातळी प्रामाणिक असते. ए२ लिहिलेला धडा खरोखरच ए२चा निघतो, आणि हे फार थोड्या ठिकाणी घडतं. उणीव सरावात आहे. बरेच प्रश्न ‘खरं की खोटं’ या प्रकारचे असल्यामुळे काहीही न ऐकता निम्मी उत्तरं बरोबर येतात. उपाय सोपा: प्रत्येक उत्तरासोबत ‘हे कुठल्या वाक्यावरून कळलं?’ असं विचारायचं आणि मुलांना ऐकलेले दोन-तीन शब्द वहीत लिहायला लावायचे. लगेच खरं चित्र दिसतं.

बी१ आणि त्यापुढच्या वर्गांसाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ उत्तम आहे. दोन निवेदक, सुरुवातीला पर्याय दिलेला एक प्रश्न, शेवटी त्याचं उत्तर आणि भागात आलेल्या सहा शब्दांची उजळणी. संभाषण लिहून वाचलेलं असलं तरी बोलण्याच्या लयीत असतं, आणि मध्ये येणारे मुलाखतींचे तुकडे तर खऱ्या बोलण्याचेच. पण वर्गात पूर्ण सहा मिनिटं सलग लावणं ही इथली नेहमीची चूक. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकांवरचं लक्ष सुटतं आणि उरलेला वेळ नुसता आवाज चालू राहतो. त्याऐवजी असं करावं.

एक विचार जिथे पुरा होतो असा साठ ते नव्वद सेकंदांचा तुकडा निवडा. दीड मिनिटात साधारण सव्वादोनशे शब्द होतात. संहितेतून त्यातले दहा-बारा शब्द काढून जागा रिकाम्या ठेवा. दोन जागांमध्ये किमान आठ-दहा शब्दांचं अंतर हवं, नाहीतर मूल एक शब्द लिहीत असताना पुढचा निघून जातो आणि मग ते ऐकणंच सोडून देतं. नामं आणि मुख्य क्रियापदं गाळू नका, ती संदर्भावरून ओळखता येतात. ‘हॅव’, ‘टू’, ‘हिम’, ‘ऑफ’, ‘वुड’ असे छोटे शब्द गाळा, कारण कान नेमका तिथेच चुकतो. आधीच शिकवायचे नवे शब्द तीन, फार तर चार. सगळेच आधी सांगितले की मुलं अर्थ सोडून फक्त ते शब्द कधी येतात याची वाट बघत बसतात.

पहिल्यांदा ऐकताना वह्या बंद, फळ्यावर एकच प्रश्न. दुसऱ्यांदा ऐकून शेजाऱ्याला काय कळलं ते सांगायचं. मातृभाषेत सांगितलं तरी चालेल. तिसऱ्यांदा रिकाम्या जागांचा कागद. चौथ्यांदा पूर्ण संहिता हातात घेऊन ऐकायचं आणि पेन्सिलीने दोन प्रकारच्या खुणा करायच्या: माहीतच नसलेल्या शब्दाला गोल, आणि माहीत असूनही ऐकू न आलेल्या शब्दाखाली रेघ.

या रेघा म्हणजेच त्या दिवशीचा खरा धडा. उदाहरणार्थ ‘शी शुड हॅव टोल्ड हिम’ हे वाक्य. कागदावर पाच सुटे शब्द आहेत, पाचही मुलांना येतात. बोलणारा मात्र ‘शी शुडव टोल्डिम’ म्हणतो. ‘हॅव’मधला ‘ह’ गेलेला, स्वर जवळजवळ गेलेला, ‘हिम’चा ‘ह’सुद्धा गळून उरलेला भाग मागच्या शब्दाला चिकटलेला. मूल ‘हॅव’ आणि ‘हिम’ शोधत राहतं आणि तोवर पुढचं वाक्य सुरू होतं. अशा वेळी तेवढेच दोन सेकंद तीन-चारदा लावावेत, फळ्यावर लिहिलेलं रूप आणि बोललेलं रूप एकाखाली एक मांडावं आणि वर्गाकडून बोललेलं रूप त्याच वेगाने म्हणवून घ्यावं. जे तोंडातून निघू लागतं ते कानाला लवकर ओळखू येतं. प्लेअरचा वेग कमी करून हे काम होत नाही. आवाज ताणला जातो, पण गळलेला ‘ह’ काही परत येत नाही.

स्पीकरकडे दुर्लक्ष झालं तर वरची सगळी मेहनत वाया जाते. फोन टेबलावर ठेवून ध्वनिफीत लावली की स, फ, थ यांसारखे बारीक घर्षणाचे ध्वनी मागच्या बाकांपर्यंत पोचत नाहीत, आणि अनेकवचनाचा ‘स’ तर त्यातलाच. मुलांना व्याकरण येत नाही असं वाटतं, प्रत्यक्षात त्यांना तो ‘स’ ऐकूच आलेला नसतो. साधा बाहेरचा स्पीकर वर्गाच्या मधोमध, बसलेल्या मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवा. तास सुरू होण्याआधी मागच्या भिंतीपाशी उभं राहून स्वतः ऐकून बघा.

नवशिक्यांसाठी व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी प्रसारण संस्थेचं ‘लर्निंग इंग्लिश’ अजूनही कामाचं आहे. १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ या नावाने ते सुरू झालं. साधारण दीड हजार शब्दांचा मुख्य साठा, छोटी वाक्यं आणि नेहमीपेक्षा संथ वाचन ही त्याची पद्धत. संस्थेने स्वतः तयार केलेला मजकूर आणि ध्वनी कुणाच्या स्वामित्वहक्कात नाही, त्यामुळे तो छापता येतो, कापता येतो, वाटता येतो. वृत्तसंस्थांकडून घेतलेल्या बातम्या आणि छायाचित्रांना मात्र ही सूट नाही. मार्च २०२५ मध्ये या संस्थेचं कामकाज जवळपास थांबवण्यात आलं, तेव्हा जुना साठा हाती लागतो आहे तोवर लागेल तेवढा उतरवून ठेवलेला बरा. मर्यादा इतकीच की संथ वाचनात प्रत्येक शब्द सुटा आणि पूर्ण उच्चारला जातो. वर्षानुवर्षं फक्त हेच ऐकलेल्या मुलाला नेहमीचं बोलणं समजत नाही. ए२ पक्की झाली की पुढे सरकावं. त्यासाठी ‘एलो’ या संकेतस्थळावरचा ध्वनिफितींचा साठा चांगला: जगभरच्या निरनिराळ्या देशांतले लोक आपापल्या उच्चारांत, अडखळत, वाक्य अर्धवट सोडत बोलतात, आणि सोबत संहिता आणि प्रश्न असतात. मांडणी जुनाट आहे, पण ऐकायला इतकं वैविध्य शाळेला दुसरीकडे सहज मिळत नाही.

वाचनात घोळ होतो तो पातळीचा. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेलं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं भांडार अप्रतिम आहे. चित्रं सुंदर, परवाना मुक्त, आणि एकच गोष्ट अनेक भाषांत असल्यामुळे आधी आपल्या भाषेत वाचून मग इंग्रजीत वाचता येते. पण तिथले चार वाचनस्तर हे वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी आहेत, परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी नव्हेत. पहिल्या स्तराच्या दहा वाक्यांच्या पुस्तकातही ‘विगल’, ‘स्क्वेल्च’ असे शब्द आणि अनियमित भूतकाळ सर्रास येतात. इंग्रजी घरात बोलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला ते माहीत असतात, तुमच्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या मुलीला नसतात. म्हणून स्तराच्या आकड्यावर न जाता प्रत्येक पुस्तक स्वतः वाचून घ्या. परवाना बदल करायची मोकळीक देतो, संकेतस्थळावर गोष्टीचा स्तर बदलायची सोयही आहे. लेखक आणि चित्रकाराची नावं तेवढी कायम ठेवावी लागतात.

उतारा कितपत कठीण आहे हे तपासायला ‘लेक्सट्यूटर’ या संकेतस्थळावरचं ‘व्होकॅबप्रोफाइल’ हे साधन वापरा. उतारा चिकटवला की नेहमीच्या वापरातले शब्द आणि दुर्मीळ शब्द वेगवेगळ्या रंगांत दिसतात. मदतीशिवाय वाचायचं तर सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, असं संशोधक मानतात. म्हणजे दोनशे शब्दांच्या उताऱ्यात फक्त चार अनोळखी. शिक्षकासोबत वाचायचं असेल तर ९५ टक्के, म्हणजे दहा शब्दांपर्यंत चालून जातं. त्यापुढे वाचन थांबतं आणि शब्दकोश उघडण्याचं काम सुरू होतं. इथे दोन गोष्टी सांभाळा. माणसांची आणि गावांची नावं यादीबाहेर दिसतात, ती मोजू नका. आणि वारंवारतेच्या, म्हणजे कुठला शब्द किती वेळा वापरला जातो हे सांगणाऱ्या, याद्या मोठ्यांच्या मजकुरावरून बनतात, त्यामुळे जिराफ किंवा खोडरबर यांचे शब्द त्यांत ‘दुर्मीळ’ ठरतात, जरी ते वर्गातल्या प्रत्येक मुलाला येत असले. तुलनेसाठी सर्वाधिक वापरातल्या शब्दांची २०१३ची यादी ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’ घ्यावी: सुमारे २,८०० शब्द, आणि सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा जवळपास ९२ टक्के भाग त्यांत येतो.

‘ब्रेकिंग न्यूज इंग्लिश’वर एकच बातमी अनेक पातळ्यांवर मिळते, त्यामुळे मिश्र पातळीच्या वर्गात सगळ्यांना एकाच विषयावर बोलता येतं. त्यांची लांबलचक छापील पुस्तिका घेऊ नका, दोन पानी आवृत्ती पुरते. सरावाचे साचे दर वेळी तेच असल्याने हे पंधरा दिवसांतून एकदा बरं.

चॅटबॉटकडून उतारा ‘ए२ला आणून’ घ्यायची सोय आता हाताशी आहे. शब्द सोपे होऊन येतात, पण गुंतागुंतीचं वाक्य तसंच राहू शकतं आणि मूळ माहिती बदललेलीही असू शकते. व्होकॅबप्रोफाइलमधून काढून, मूळ उताऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय वर्गात नेऊ नये.

लिहिण्यासाठी केंब्रिजचं ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ मोफत आहे आणि वापरण्याजोगं आहे. मजकूर दिला की पातळी सांगतं, कुठली वाक्यं कच्ची आहेत ते रंगछटांनी दाखवतं आणि चुकीच्या शब्दांवर खूण करतं. आयतं दुरुस्त वाक्य मिळण्यापेक्षा मुलाला स्वतः विचार करावा लागतो, हे मला आवडतं. मात्र ते भाषा मोजतं. मुद्दे जुळतात का, लिहिलेलं खरं आहे का, हे त्याला कळत नाही. शिवाय मुलं पातळी चढवायच्या नादात शब्द बदलून बदलून बटण दाबत राहतात. तपासणी तीनदाच करायची आणि प्रत्येक वेळी काय बदललं ते वहीत एका ओळीत लिहायचं, अशी शिस्त लावा.

खेळांबद्दल थोडक्यात. ‘कहूट’ या रंगीत चौकोन दाबून उत्तर द्यायच्या क्विझमध्ये गुण वेगावर ठरतात: बरोबर उत्तर झटकन दिलं तर जवळपास १,०००, अगदी शेवटच्या क्षणी दिलं तर त्याच्या निम्मे. सावकाश वाचणारं मूल चार प्रश्नांत मागे पडतं आणि नंतर अंदाजाने रंग दाबू लागतं. वाचून उत्तर द्यायच्या प्रश्नाला वीस सेकंदांऐवजी साठ किंवा नव्वद सेकंद द्या, किंवा त्या प्रश्नाचे गुणच बंद ठेवा. ‘क्विझलेट’वर दुसऱ्यांनी बनवलेले शब्दकार्डांचे संच तपासल्याशिवाय घेऊ नका, त्यांत स्पेलिंगच्या चुका असतात आणि एका शब्दाला एकच अर्थ दिलेला असतो. आठ-दहा शब्दांचा आपला संच करा आणि कार्डावर सुटा शब्द न टाकता शब्दाची जागा रिकामी ठेवलेलं वाक्य टाका. ‘आयएसएल कलेक्टिव्ह’सारख्या ठिकाणची वर्कशीट शिक्षकांनीच चढवलेली असतात, उत्तरपत्रिका आधी स्वतः सोडवून बघितलीच पाहिजे.

शब्दकोश म्हणून केंब्रिजचा ऑनलाइन कोश घ्यावा, कारण त्यात पातळीची खूण शब्दाला नसून त्याच्या प्रत्येक अर्थाला असते. कुठला अर्थ या वर्षी शिकवायचा आणि कुठला पुढे ढकलायचा, हे त्यावरून ठरवता येतं. ‘यूग्लिश’वर कुठलाही शब्द खऱ्या व्हिडिओंतून एकामागून एक ऐकता येतो, ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार वेगळे निवडता येतात. पण तिथले व्हिडिओ मुलांसाठी निवडलेले नसतात. मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर शोध घेऊ नका. तीन-चार तुकडे आदल्या दिवशी पाहून ठेवा.

उतरवलेल्या ध्वनिफिती एकाच पेनड्राइव्हवर ठेवा, आणि फाइलच्या नावातच पातळी, विषय आणि सेकंद येऊ द्या: ‘बी१-प्रवास-८५’. संहिता त्याच नावाने शेजारी ठेवा, आणि मुलांनी सर्वात जास्त रेघा कुठे मारल्या तो मिनिट-सेकंद संहितेच्या माथ्यावर लिहून ठेवा. पुढच्या तुकडीला तोच तुकडा लावताना तयारी तिथूनच सुरू करता येते.