बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी बोर्ड घेताना: डिव्हाइस ट्री की एसीपीआय?

तासगाव-सांगली पट्ट्यातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान नोंदवायचं, तर सहसा दोन पर्याय पुढे येतात: एआरएमचा छोटा बोर्ड किंवा इंटेल-एएमडीचा मिनी पीसी. किंमत आणि विजेचा हिशेब सगळेच करतात. पण टीएमपी१०२ सारखा तापमान सेन्सर थेट आयटूसीच्या (छोट्या चिपा जोडायच्या दोन तारांच्या बसच्या) तारांवर जोडणार असाल, तर तो तिथे आहे हे लिनक्स कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) कोण सांगणार, हे आधी बघा. यूएसबी आणि पीसीआय उपकरणं स्वतःची ओळख देतात. आयटूसीवरची चिप देत नाही.

एआरएम बोर्डावर ती ओळख डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, लिहिलेली असते. सेन्सरच्या नोडमध्ये (त्या फाइलमधल्या त्याच्या नोंदीत) 'कम्पॅटिबल' म्हणून 'टीआय,टीएमपी१०२' आणि 'रेग'मध्ये हेक्स ४८ हा पत्ता द्यायचा (फाइलमध्ये अर्थातच रोमन लहान अक्षरांत). हे नाव ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीतल्या नावाशी जुळलं की प्रोब, म्हणजे ड्रायव्हरचं उपकरण सुरू करणारं फंक्शन, चालतो. रास्पबेरी पायवर तर 'आयटूसी-सेन्सर' हा तयार ओव्हरले (डिव्हाइस ट्रीला वरून जोडायचा तुकडा) आहे. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून रीबूट केलं की काम झालं.

बिघाड शोधणंही सोपं. आयटूसीडिटेक्ट (बसवरचे पत्ते तपासणारी कमांड) चालवा. ४८ दिसलं, तर चिप उत्तर देते आहे पण ड्रायव्हर लागलेला नाही: नावातलं स्पेलिंग तपासा, ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे का बघा. 'यूयू' दिसलं, तर ड्रायव्हरने पत्ता ताब्यात घेतला आहे. नुसत्या रेघा असतील, तर वायरिंग, पुल-अप रेझिस्टर आणि वीजपुरवठा बघा. बसच मिळाली नाही, तर बसच्या नोडचं 'स्टेटस' 'डिसेबल्ड' राहिलेलं असण्याची शक्यता मोठी. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा: आयटूसीवर स्वल्पविरामाआधीचं कंपनीचं नाव चुकलं तरी कर्नल चिपच्या नुसत्या नावावरून जुळवून घेऊ शकतो. हीच सवलत प्लॅटफॉर्म उपकरणांना (प्रोसेसर चिपमधल्याच कंट्रोलरसारख्या) मिळेल असं धरू नका.

मिनी पीसीवर हीच माहिती एसीपीआयच्या (फर्मवेअरने हार्डवेअरची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला द्यायच्या पद्धतीच्या) डीएसडीटी (मुख्य) आणि एसएसडीटी (पूरक) टेबलांत, बाइटकोडच्या रूपात असते. कर्नल तिथला एचआयडी (उपकरणाची मुख्य ओळख), तो न जुळल्यास सीआयडी (पर्यायी, सुसंगत ओळख), ड्रायव्हरच्या यादीशी ताडून बघतो. ही टेबलं मदरबोर्ड बनवणाऱ्याने लिहिलेली. तुमचा सेन्सर त्यांत नसणारच. मग स्वतःचं एसएसडीटी लिहावं लागतं. एचआयडी 'पीआरपी०००१' ठेवून डीएसडीमध्ये (उपकरणाच्या गुणधर्मांच्या यादीत) वरचंच 'कम्पॅटिबल' नाव दिलं, की डिव्हाइस ट्रीसाठी लिहिलेला ड्रायव्हर इथेही चालतो. पण आयटूसी कंट्रोलरचा एसीपीआय मार्ग (टेबलांतलं त्याचं पूर्ण नाव) प्रत्येक मशीनवर वेगळा निघू शकतो. टेबल आयएएसएल या कंपायलरने कंपाइल करून, कॉम्प्रेस न केलेल्या सीपीआयओ अर्काइव्हमध्ये घालून, मूळ इनिटआरडीच्या (बूट होताना आधी लोड होणाऱ्या फाइलच्या) आधी जोडावं लागतं. सिक्युअर बूटमुळे (फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणाऱ्या सोयीमुळे) कर्नल लॉकडाउनमध्ये, म्हणजे बदल रोखणाऱ्या स्थितीत, असेल, तर तेही नाकारलं जातं.

एसीपीआयचा फायदा मात्र खरा आहे: मशीन बंद पडलं, तर डिस्क दुसऱ्या मिनी पीसीत टाका, बहुतेक वेळा तीच लिनक्स प्रत उठते. एआरएमवर वेगळ्या मॉडेलचा बोर्ड आला की डीटीबी (डिव्हाइस ट्रीची कंपाइल केलेली फाइल) बदलते.

म्हणून सेन्सर यूएसबीवर किंवा आरएस-४८५ कन्व्हर्टरमार्गे मॉडबसवर (कारखान्यांतल्या उपकरणांच्या संवादाच्या पद्धतीवर) असतील, तर बेलाशक मिनी पीसी घ्या. चिप थेट तारांवर जोडायची असेल, तर एआरएम बोर्डच घ्या. कुपवाड एमआयडीसीत कुणाकडून स्वतंत्र ड्रायव्हर लिहून घेत असाल, तर त्यात 'मॉड्यूल डिव्हाइस टेबल'ची ओळ (जिच्यामुळे उपकरण दिसताच ड्रायव्हरचं मॉड्यूल आपोआप लोड होतं) आहे ना, हे दोन्ही बाबतींत तपासा. ती नसेल तर मॉड्यूल हाताने लोड केल्यावर सगळं नीट चालतं, आणि वीज जाऊन आल्यावर सेन्सर गायब होतो.