बाणगंगा की वांद्र्याचा किल्ला?

जुनी मुंबई आणि नवी मुंबई (खाडीपलीकडची नव्हे!) एकाच फ्रेममध्ये हवी, तर बहुतेक जण वांद्र्याचा किल्ला सुचवतात. 1640 मधला पोर्तुगीज दगड आणि मागे 2009 मध्ये खुला झालेला सागरी सेतू. संध्याकाळी उजवीकडून तिरपं ऊन येतं, केबल्स उजळतात. फोटो हमखास येतो, पण सगळ्यांचा सारखाच. शिवाय सेल्फीवाल्यांची गर्दी.

माझं मत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाला. तिथे सकाळी लवकर जा, वारा पडलेला असताना. पाण्यात देवळांचे कळस आणि मलबार हिलचे टॉवर शेजारी शेजारी उलटे दिसतात. मग एखादं बदक मधूनच पोहत जातं आणि वीस मजले थरथरतात. खालच्या पायरीवर बसून मोबाइल पाण्याला टेकेल इतका खाली धरा, प्रतिबिंब पूर्ण मिळतं. वाइड लेन्सने टॉवर मागे कलल्यासारखे दिसतात. कॅमेरा सरळ धरा, वरचा मजला कापला गेला तरी चालेल. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चप्पल बघून घाला. आणि कोणी श्राद्धाचे विधी करत असेल, तर लेन्स दुसरीकडे वळवा.

पावसाळ्यात मात्र किल्लाच. काळ्या ढगांखाली तो सेतू काय दिसतो!