इथेनॉलसाठी पीक घ्यायचं तर ऊस की मका?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट केंद्राने २०३० वरून २०२५-२६ वर आणलं आणि गाठलंही. तेव्हापासून गावोगावी एकच प्रश्न ऐकू येतो : पुढच्या हंगामात ऊस ठेवायचा की मका पेरायचा?

इथेनॉलचा भाव सरकार ठरवतं, पण तो तुमच्या पिकाचा भाव नव्हे. २०२५-२६ मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये होते, उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१. हे आकडे डिस्टिलरीचे, म्हणजे इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्याचे आहेत. शेतकऱ्याच्या हाती त्यातलं किती पडतं, इथे दोन्ही पिकांच्या वाटा वेगळ्या होतात.

उसामागे कायदा उभा आहे. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायलाच हवा तो किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये होती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. अनेक कारखाने हे पाळत नाहीत हे खरंच, पण भांडायला हातात काहीतरी असतं. तोडणी-वाहतूक वजा होते आणि टोळी वेळेवर आली नाही तर वजन घटतं, हेही हिशेबात धरा.

मक्याला २०२५-२६ साठी क्विंटलला २,४०० रुपये हमीभाव जाहीर झाला, पण त्या भावाने घ्यायलाच हवं असं बंधन व्यापाऱ्यावर नाही आणि डिस्टिलरीवरही नाही. टनभर मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं, म्हणजे सुमारे २७,३०० रुपये. मका हमीभावाने घेतला तर त्यातले २४,००० कच्च्या मालावरच जातात. उरलेल्या पैशांत आणि पेंडेच्या विक्रीत कारखाना चालवायचा, म्हणून खरेदीदार भाव पाडायला बघणारच. त्यात २०२५ मध्ये सरकारने अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी २,२५० रुपये क्विंटलने दिला. त्याच खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा भाव हमीभावाच्या बराच खाली गेला. ओलावा जास्त म्हणून होणारी कपात वेगळी. सोयाबीनवाल्यांनाही याची झळ बसते : मक्याच्या इथेनॉलमधून निघणारी डीडीजीएस पेंड स्वस्त पडते आणि सोयापेंडेची मागणी खाते.

म्हणून ऊसच सुरक्षित, असं मात्र मी म्हणणार नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, केंद्राने रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. पुढे मर्यादेत सूट दिली, पण डिस्टिलरीसाठी कर्ज काढलेल्या कारखान्यांचं गणित बिघडायचं ते बिघडलंच. शिवाय रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून २०२५-२६ पर्यंत जागचा हलला नाही, एफआरपी मात्र ३०५ वरून ३५५ वर गेली. हा ताण शेवटी ऊसबिलाच्या थकबाकीत उतरतो.

आणि पाणी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरलं आहे. सुरू हंगामाचा ऊस वर्षभर, आडसाली दीड वर्ष रान अडवतो. खरीप मका चार महिन्यांत निघतो आणि मागे हरभऱ्याला जागा करून देतो. लष्करी अळीची फवारणी तेवढी चुकत नाही.

माझं मत सांगतो. बारमाही कालव्याचं पाणी, ठिबक आणि बिलं वेळेवर देणारा कारखाना हे तिन्ही असेल तर ऊस ठेवा. विहीर मार्चमध्ये तळ गाठत असेल तर इथेनॉलच्या नावाखाली नवा ऊस लावू नका. मराठवाड्यात तर नकोच, तिथे टंचाईत गावाचं पिण्याचं पाणी आधी तुटतं. मका घ्या, पण सगळ्या रानात नको. वाळवून काही आठवडे घरात ठेवायची सोय करा, आणि पेरणीआधीच जवळचा पोल्ट्रीवाला किंवा स्टार्च कारखाना कोणत्या भावाने घेतो ते विचारून ठेवा. डिस्टिलरीची मागणी आली तर तो वरचा फायदा धरा, खर्च मात्र तिच्या भरवशावर करू नका. २०२५-२६ साठी पुरवठादारांनी १,७७६ कोटी लिटर इथेनॉल देऊ केलं होतं, तेल कंपन्यांनी मंजूर केलं साधारण १,०५० कोटींच्या आसपास.