पॉवर सेव्हरच्या पेटीपायी आमच्या सोसायटीचे ७८ हजार गेले

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात आमची १६ फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी तिचा सचिव. वीजबचतीच्या नावाखाली आम्ही ७८ हजार रुपये घालवून बसलो. ठरावावर पहिली सही माझी होती, म्हणून सगळं जसं घडलं तसं सांगतो.

जानेवारी संपत आला होता. घरोघरी गिझर चालू, बिलं वाढलेली. दोघं जण आले, गळ्यात ओळखपत्र, त्यावर ऊर्जा बचतीचं काहीतरी छापलेलं. आम्ही वीज कंपनीचे आहोत असं ते एकदाही म्हणाले नाहीत, पण बोलण्याचा ढंग असा की सगळ्यांनी तसंच धरून चाललं. लिफ्ट आणि बोअरच्या मोटरसाठी मीटर रूममध्ये ३८ हजारांचं पॅनल, आणि प्रत्येक फ्लॅटला सॉकेटमध्ये खोचायची २,५०० रुपयांची छोटी पेटी. गिझरसकट बिल ३० टक्के कमी येईल, दोन महिन्यांत फरक दिसला नाही तर पैसे परत.

मग त्यांनी बोअरची मोटर चालू करायला लावली. क्लॅम्प मीटरचा चिमटा मेन वायरला अडकवला, आकडा ५.४ अँपिअर. पॅनलचं बटण दाबलं आणि तोच आकडा आमच्या डोळ्यांदेखत ३.९ वर आला. जमलेले आठ-दहा जण गप्पच झाले. माझी तर खात्रीच पटली.

तो आकडा खोटा नव्हता. खरी गोम तिथेच आहे. मोटर जो करंट ओढते त्यातला काही भाग नुसता येतो-जातो, काम करत नाही. त्या पॅनलमध्ये असतो तसा कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून परत सोडणारा भाग, जोडला की तेवढा करंट मोटर आणि कपॅसिटर यांच्यातच फिरतो आणि मेन वायरमधले अँपिअर उतरतात. पण मीटर बिलासाठी अँपिअर मोजत नाही, युनिट मोजतो, म्हणजे खरोखर खर्ची पडलेली वीज. ती होती तेवढीच राहते. वाळूजच्या कारखान्यांत कपॅसिटर लावतात, कारण त्यांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी किती खरोखर कामी आला याचा, हिशोब असतो. आपलं घरगुती बिल युनिटवर येतं.

गिझरचं तर आणखी सरळ आहे. त्यात नुसती तापणारी कॉइल असते, कपॅसिटरला तिथे करण्यासारखं काहीच नसतं. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायचं तर अर्धा युनिट लागणारच, सॉकेटमध्ये काहीही खोचा. म्हणूनच त्यांनी प्रात्यक्षिक मोटरवर दाखवलं, गिझरवर नाही.

दोन महिन्यांची मुदतही विचार करूनच ठेवलेली होती, हे फार उशिरा लक्षात आलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गिझर बंद होत जातात आणि कूलर अजून माळ्यावरच असतात. बिल आपोआप खाली येतं. आम्हाला वाटलं पेटीचा गुण. एप्रिलमध्ये कूलर लागले, बिलं चढली, तोवर मुदत उलटून गेली होती आणि दोन्ही मोबाइल बंद.

तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांची नात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते. तिने मला मीटरपाशी उभं केलं. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स म्हणजे एक युनिट असं छापलेलं आहे, लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट पडतो. घरातलं सगळं बंद करून फक्त दोन हजार वॅटचा गिझर लावला आणि ती घड्याळ धरून मोजायला लागली. पेटीशिवाय मिनिटाला १०६. पेटी लावून १०६. परत मोजलं, १०७. मग तिने स्क्रू काढून पेटी उघडली. आत एक काळा कपॅसिटर, एक फ्यूज, हिरवा दिवा आणि वजन वाटावं म्हणून ओतलेला डांबरासारखा गोळा.

पावतीवर जीएसटी नंबर नव्हता. छापलेल्या पत्त्यावर मी स्वतः गेलो, तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार केली, पोलीस ठाण्यात अर्ज दिला. एक रुपयाही परत आलेला नाही.

पैशांपेक्षा मला तळमजल्यावरच्या काकूंचं जास्त लागून राहिलं. पापड-कुरडया करून त्या घर चालवतात. त्या दिवशी डब्यातून सुट्ट्या नोटा काढून मोजत म्हणाल्या होत्या, "मला यातलं काय कळतंय भाऊ, तुम्ही म्हणताय तर घेते." कूलर लागल्यावर आलेलं बिल घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि काहीच बोलल्या नाहीत, नुसता कागद पुढे केला. त्यांचे २,५०० मी माझ्या खिशातून परत केले. घेत नव्हत्या, बायकोने हातात कोंबले.

तुमच्या सोसायटीत कुणी अशी पेटी घेऊन आलं तर क्लॅम्प मीटर बाजूला ठेवायला सांगा. गिझर लावा, मीटरचा दिवा एक मिनिट पेटीशिवाय मोजा, एक मिनिट पेटी लावून. पैसे त्यानंतर. काकूंची उघडलेली पेटी मी जपून ठेवली आहे. आसपासच्या कुठल्याही सोसायटीत असा ठराव येणार असेल तर मला बोलवा, पेटी घेऊन मीटिंगला येतो.