उंदराच्या सापळ्याची गाडी : ७९९ रुपयांच्या संचाचा अनुभव

माझी नात आठवीत आहे. तिच्या शाळेने आंतरशालेय विज्ञान स्पर्धेत उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगवर धावणाऱ्या गाडीच्या विभागात भाग घेण्याचे ठरवले, तेव्हा घरच्यांनी ऑनलाइन दुकानातून ७९९ रुपयांचा तयार संच मागवला आणि तो जोडायचे काम, मी टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस म्हणून, ओघानेच माझ्याकडे आले. खोक्यावर ‘एका तासात तयार, दहा मीटर सहज’ असे छापलेले आहे. आम्हाला सोळा दिवस लागले. तरीही संच घेऊ नका असे मी म्हणणार नाही; पण तो तयार गाडी म्हणून न घेता सुट्या भागांची पिशवी म्हणून घ्यावा, एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो.

खोक्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो. लेझरने कापलेल्या एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा) २६ सेंटिमीटर लांबीचा सांगाडा, त्याच एमडीएफची दहा सेंटिमीटर व्यासाची चार चाके, चार मिलिमीटर जाडीचे दोन पोलादी आस, वीस सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी, पांढरा जाड दोरा, डिंकाची नळी आणि एक लाकडी पाट्यावरचा सापळा. ॲल्युमिनियमची नळी सापळ्याच्या चापाला दांडा म्हणून बांधायची, तिच्या टोकाचा दोरा मागच्या आसावर गुंडाळायचा, आणि चाप सुटला की दोरा ओढला जाऊन आस आणि चाके फिरतात. आपल्याकडे उंदरासाठी पिंजरा लावायची पद्धत जुनी असल्यामुळे नातीने चापाचा सापळा पहिल्यांदाच पाहिला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या विल्यम हुकर यांना १८९४ साली या प्रकारच्या सापळ्याचे पेटंट मिळाले आणि आजच्या सापळ्याची ठेवण त्याहून फारशी निराळी नाही, हे तिला सांगितल्यावर तिने त्याच्याकडे जरा आदराने पाहिले.

सापळा हा या संचातला सर्वांत चांगला भाग आहे. ही माझी केवळ समजूत नाही, कारण आम्ही बोहरी आळीच्या बाजारातून आणखी एक सापळा आणला, दोन्हींना आळीपाळीने तीच वीस सेंटिमीटरची नळी बांधली आणि तिच्या टोकाला शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा लावला. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत संचातल्या सापळ्याने सुमारे १५० ग्रॅमची ओढ दाखवली, बाजारातल्याने ११०. गाडीला दुसरा कोणताही ऊर्जास्रोत नसतो आणि अशा स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा जेमतेम अर्धा ते एक ज्यूल, म्हणजे अर्ध्या किलोचा दगड फार तर वीतभर उचलण्याइतकीच असते. त्यामुळे हा चाळीस ग्रॅमचा फरक मोठा आहे.

माहितीपत्रक मात्र निराश करणारे आहे. ते केवळ इंग्रजीत आहे, आकृत्या पुसट आहेत, आणि चाप ताणून ठेवताना बोटे सांभाळण्याची सूचना शेवटच्या पानावर, सगळी जोडणी सांगून झाल्यानंतर येते. ती पहिल्या पानावर ठळक हवी होती. मी नातीला पहिल्या दिवशीच दोन नियम घालून दिले: दांडा मागे ओढताना दुसरा हात कधीही चापाच्या वाटेत ठेवायचा नाही, आणि ताणलेल्या गाडीवर वाकून पाहायचे नाही, कारण लांब दांड्याचे टोक डोळ्याच्या उंचीवरून जाते.

पत्रकाबरहुकूम जोडलेली गाडी दिवाणखान्यात सोडली, तेव्हा ती २.७ मीटर गेली आणि डावीकडे वळून दिवाणाखाली शिरली. दुसऱ्यांदा २.४. तिसऱ्यांदा जागेवरच चाके फिरली आणि गाडी तिथेच राहिली. नातीचा चेहरा पडला. मग मी तिला कागद-पेन्सिल आणायला सांगितले, आणि माझ्या मते या संचाचा खरा उपयोग त्या कागदापासून सुरू झाला.

दहा मीटरचा आकडा कुठून आला असावा, हे आधी शोधले. वीस सेंटिमीटरचा दांडा अर्धे वर्तुळ फिरला की त्याचे टोक आधीच्या जागेपासून चाळीस सेंटिमीटर दूर जाते, म्हणजे तेवढा दोरा ओढला जातो. चार मिलिमीटरच्या आसावर चाळीस सेंटिमीटर दोऱ्याचे सुमारे ३२ वेढे बसतात, चाकाचा परीघ ३१.४ सेंटिमीटर, आणि गुणाकार बरोबर दहा मीटर. आकडा खोटा नाही; तो कागदावरचा आहे. पण संचातला दोरा १.२ मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे वेढ्याचा व्यास चारऐवजी ५.२ मिलिमीटर होतो आणि दहा मीटरचे एका फटक्यात ७.७ मीटर होतात. दोऱ्याच्या जाडीने गाडी सव्वादोन मीटर मागे पडते, हे मलाही आकडा मांडेपर्यंत जाणवले नव्हते.

त्याहून गंभीर चूक सांगाड्याच्या आराखड्यात आहे. सापळा बसवण्याच्या खाचा मागच्या आसापासून १५.५ सेंटिमीटरवर आहेत आणि दांडा वीसचा आहे, त्यामुळे तो मागे नेला की टोक आसाच्या साडेचार सेंटिमीटर पलीकडे जाते. खरे तर ताणलेल्या दांड्याचे टोक आसाच्या नेमके वर यायला हवे. तसे नसल्यामुळे चाळीसऐवजी तीसच सेंटिमीटर दोरा ओढला जातो, म्हणजे अंतर पावणेसहा मीटरांवर येते. शिवाय दोरा दांड्याला तिरका बसल्याने सुरुवातीची ओढ नको तितकी वाढते आणि गुळगुळीत लाकडी चाके लादीवर घसरतात. तिसऱ्या खेपेला गाडी जागेवर का राहिली, त्याचे उत्तर इथे होते. ही चूक एखाद्या मुलाची असती तर मी कौतुकाने दुरुस्त करून दिली असती. पण पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या आराखड्यात ती असू नये.

पावणेसहापासून २.७ पर्यंतची बाकीची घट कशामुळे, ते नातीने शोधले. तिने चाकावर मार्करने एक रेघ मारली आणि मोबाइलवर हळू गतीचे चित्रीकरण केले. ते तीन-चार वेळा पाहिल्यावर ती म्हणाली, “आजोबा, दोरा संपल्यावर तो परत उलटा गुंडाळला जातोय.” पत्रक दोरा आसाला गाठ मारून बांधायला सांगते. सगळे वेढे सुटल्यावरही आस वेगाने फिरत असतो, गाठीमुळे दोरा पुन्हा त्याच्यावर चढतो आणि चालती गाडी लगाम खेचल्यासारखी थांबते. उपाय सोपा निघाला: आसाला बारीक आकडा चिकटवायचा, दोऱ्याच्या टोकाला फास करून तो आकड्यात अडकवायचा आणि दोरा घट्ट पण शेजारी शेजारी गुंडाळायचा. दोरा संपला की फास आपोआप निसटतो आणि गाडी पुढे मोकळी घरंगळत राहते.

दोरा कोणता घ्यायचा यावर घरात बरीच चर्चा झाली. शेजारच्या एका मुलाने नायलॉन मांजा सुचवला, तो मी लगेच नाकारला. पक्ष्यांचे आणि दुचाकीस्वारांचे गळे कापणारा आणि बंदी असलेला तो प्रकार शाळेच्या स्पर्धेत नेण्याचे कारण नाही. मासेमारीची नायलॉन तारही लवचिक असल्याने ओढ खाते. शेवटी कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या काकांकडून मेण लावलेला बारीक दोरा वीस रुपयांना मिळाला. तो ताणला जात नाही, वेढा नीट धरतो आणि जाडीला अर्धा मिलिमीटर भरतो.

आता आसाकडे येतो, कारण माझ्या जुन्या व्यवसायामुळे माझा जीव तिथेच अडकतो. एमडीएफला पाडलेली भोके ४.४ मिलिमीटरची आहेत आणि त्यांच्या कडा लेझरने जळलेल्या आहेत. पोलादी आस त्या काजळीत सैल फिरतो, म्हणजे घर्षणही जास्त आणि खेळही जास्त. चाक बोटाने फिरवून सोडले तर तीन सेकंदांत थांबत होते. आम्ही भोके मोठी करून त्यांत ६२४ क्रमांकाची बेअरिंगे बसवली. त्यांचे भोक चार मिलिमीटरचे आणि बाहेरचा व्यास तेरा मिलिमीटरचा असतो, त्यामुळे संचातला आस जसाच्या तसा वापरता येतो. नवे बेअरिंग तसेच बसवले तर मात्र फायदा दिसत नाही, कारण आत भरलेले घट्ट ग्रीस इतक्या हलक्या गाडीला पुरेसा अडथळा असते. मी ती बेअरिंगे गॅलरीत बसून रॉकेलमध्ये धुतली (हे काम मुलांकडे देऊ नये), वाळवली आणि शिवणयंत्राच्या तेलाचा प्रत्येकी एकच थेंब सोडला. त्यानंतर तेच चाक अर्धा मिनिट फिरत राहिले.

डावीकडे वळण्याचे कारण व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या पट्टीने) सापडले. पुढचा आणि मागचा आस यांमधले अंतर उजवीकडे दीड मिलिमीटरने जास्त होते. दीड मिलिमीटर म्हणजे किती, असे वाटेल; पण सांगाड्याची रुंदी दहा सेंटिमीटर असताना एवढ्या फरकाने गाडी पाच मीटरांत सुमारे पाऊण मीटर बाजूला जाते, आणि स्पर्धेच्या नियमानुसार दोन मीटर रुंद पट्ट्याबाहेर गेलेली गाडी तिथेच मोजली जाणार होती. बेअरिंगसाठी भोके पुन्हा पाडायचीच होती, तेव्हा तो फरक तिथेच काढून टाकला. ज्यांच्याकडे व्हर्नियर नाही त्यांनी दोन्ही बाजूंना एकच कागदाची पट्टी लावून पाहावी, तेवढेही पुरते.

संचातली लाकडी चाके आम्ही टाकून दिली. ती जड आहेत आणि दोन तर चक्क आउट, म्हणजे डगमगत फिरतात. त्यांच्या जागी बारा सेंटिमीटरच्या सीडी लावल्या. हल्ली घरात सीडी सापडणे कठीण. आमच्या घरी माझ्या मुलाच्या लग्नाच्या चित्रणाच्या सहा प्रती होत्या, त्यांतल्या चार गाडीला गेल्या आणि सूनबाईंनी हरकत घेतली नाही. मागच्या दोन चाकांवर फुग्याचा गळा कापून उरलेला फुगा ताणून बसवला, घसरणे बंद झाले. पुढच्या चाकांना फुगा लावू नये, तिथे पकड नको असते.

दांड्याच्या लांबीबाबत मात्र मी स्वतः चुकलो, तेही सांगायला हवे. दांडा जितका लांब तितका दोरा जास्त आणि अंतर जास्त, या हिशेबाने मी मोडक्या छत्रीची ३४ सेंटिमीटरची काडी लावली. छत्रीची काडी पन्हाळीच्या आकाराची असल्याने हलकी असूनही वाकत नाही, ॲल्युमिनियमच्या नळीपेक्षा ती सरस ठरली. सांगाडा पुरेना, म्हणून दोन लाकडी फूटपट्ट्या जोडून सापळा पुढे सरकवला. कागदावर सतरा मीटर येत होते. गाडी सात मीटरांवर थांबली, तीही दांडा पुरता उभा होण्यापूर्वीच. दांडा लांबवला की टोकाची ओढ त्याच प्रमाणात घटते, आणि ती चाकाच्या घर्षणाला पुरेनाशी झाली की स्प्रिंगमध्ये अर्धी ताकद शिल्लक असतानाच गाडी उभी राहते. म्हणून गाडी थांबल्यावर आधी दांडा कुठे थांबला ते पाहावे: तो अर्ध्यावर असेल तर ओढ कमी पडते आहे, तो पूर्ण पडला असेल तर दोष घर्षणात, दोऱ्यात किंवा चाकांत शोधावा. नातीने काडी दोन दोन सेंटिमीटर कापत २८ पर्यंत आणली आणि तिथे गाडी सलग चौदा मीटरांच्या पुढे जाऊ लागली. त्या लांबीला ५३ सेंटिमीटर दोरा ओढला जातो, हिशेबाने १४.१ मीटर होतात, आणि त्यापुढचे अंतर निव्वळ घरंगळण्याचे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल तक्रार नाही. एक आस वाकडा आला होता. छायाचित्र पाठवल्यावर आठवड्याच्या आत नवा आला, पैसे मागितले नाहीत. सापळ्याच्या खाचांची चूक मी मापांसह लिहून कळवली, त्यावर ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असे उत्तर आले.

जादा खर्चात चार बेअरिंगे, दोरा, फुगे आणि बोहरी आळीतला सापळा धरून साधारण तीनशे रुपये गेले. संचातले अखेरपर्यंत गाडीत राहिले ते सापळा, दोन आस आणि सांगाड्याचा मागचा अर्धा भाग. ज्यांच्या घरी थोडीफार हत्यारे आहेत त्यांनी सापळा आणि आस सुटे घेऊन बाकी घरचे वापरावे, निम्म्या पैशांत काम होईल. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी हा संच घ्यावा, पण स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आणि आपल्या स्पर्धेत बदल करायला परवानगी आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. आमच्याकडे स्प्रिंगला हात लावायचा नाही, एवढेच बंधन होते.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात, कोटा फरशीवर झाली. पहिल्या प्रयत्नात गाडी १५.२ मीटर गेली. दुसऱ्यात पट्ट्याबाहेर गेली, कारण घाईत पुढचे एक चाक आसावर तिरके बसले होते. तिसऱ्यात फास आकड्यातून आधीच निसटला आणि गाडी दीड मीटरवर थांबली. १५.२ मीटरवर चौथा क्रमांक आला. पहिल्या आलेल्या मुलांची गाडी जवळून पाहायला मिळाली. तिचा आस तीन मिलिमीटरचा होता आणि सगळे मिळून वजन आमच्या गाडीच्या निम्मे असावे. परतताना रिक्षात नातीने विचारले की सायकलच्या चाकाची तार किती जाडीची असते. मी म्हणालो, दोन मिलिमीटर. ती बोटांवर हिशेब करू लागली.