गॅस की निर्धूर चूल : शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपुरता विचार

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जंगलालगतच्या पाड्यांवरील धूर कमी करायचा, तर गॅस आणि निर्धूर चूल हे दोन पर्याय समोर येतात. आरोग्याच्या दृष्टीने गॅस निर्विवाद सरस आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे जोडणीचा प्रश्न बराच सुटला, पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचा सुटला नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि अनुदान नंतर खात्यात जमा होते. रोजंदारीवर जगणाऱ्या, भातकापणीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या हातात एवढी रक्कम एका वेळी क्वचितच असते. त्यातच पाडा डांबरी रस्त्यापासून आत असेल, तर सिलिंडर तिथवर नेण्याचे कष्ट वेगळेच. याउलट सरपण फुकट मिळते असे सर्रास म्हटले जाते. मोळी डोक्यावर घेऊन रान उतरणाऱ्या बाईचे श्रम त्या हिशेबात कोणी धरतच नाही, हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

निर्धूर चूल एकदा बांधली की दरमहा रोख पैसा लागत नाही, आणि नाचणीची भाकरी नेहमीसारखीच निखाऱ्यावर फुगते. मात्र धुराडे काजळीने तुंबले किंवा पावसाळ्यात ओले लाकूड घातले, की धूर पुन्हा घरात कोंडतो.

म्हणून माझा कौल गॅसलाच आहे, पण ५ किलोचा छोटा सिलिंडर पाड्याजवळच्या रेशन दुकानात मिळेल, या अटीवर. तोवर निर्धूर चुलीची देखभाल सोडून चालणार नाही.