डिमेन्शियासाठीचं घड्याळ, सात महिन्यांनंतर: लाईट गेली की तेच विसरतं

गेल्या गुरुवारी भर दुपारी सव्वाबाराला बाबा पडदे ओढून, अंथरूण घालून झोपले. का, तर घड्याळात लिहिलं होतं: ‘१ जानेवारी, मध्यरात्र’. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा दिवस. बाराला लाईट आली आणि साडेसहा हजारांचं घड्याळ शून्यावर गेलं. “बाबा, बाहेर ऊन आहे हो!” तर बोट घड्याळाकडे. “लिहिलंय ना?” चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, लिहिलेलं ते खरं.

तसं घड्याळ वाईट नाही. वार, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ शब्दांत लिहून दाखवतं, गोळ्यांच्या वेळी बोलून आठवण करतं. बाबांना अल्झायमर आहे, डिमेन्शियाचा, म्हणजे विसरण्याच्या आजाराचा, एक प्रकार. त्यात आत्ता सांगितलेलं टिकत नाही, पण वाचता बराच काळ येतं. त्यामुळे “आज वार कोणता?” हे दर दहा मिनिटांनी व्हायचं ते थांबलं. उलट मलाच सांगतात, “मंगळवार, संध्याकाळ.” पाचनंतरची घालमेल, “घरी जाऊ या” (सदाशिव पेठेत घरातच बसून!), थोडी कमी झाली. गेली नाही.

गोळ्यांच्या आठवणीला मी आधी चार स्टार दिले होते, ते परत घेतो. अनोळखी बाईचा आवाज आला की बाबा दार उघडायला जायचे. माझा आवाज भरला, तर “घेतो रे” म्हणून उत्तर द्यायचे आणि डब्यापर्यंत पोचेस्तोवर विसरायचे. आता गोळी हातावर ठेवतो.

पण मूळ भांडण बॅटरीचं: वेळ लक्षात ठेवायला आत ती नाहीच. सर्व्हिस सेंटर म्हणतं, “सर, हा बिघाड नाही. लाईट आल्यावर वेळ लावायची असते.” कोणी लावायची? दुपारी घरात बाबा आणि कामाच्या मावशी! जुनाट कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरसुद्धा बटण सेल असतो, म्हणून बंद ठेवला तरी तारीख चुकत नाही. इथे तेवढे पन्नास रुपये वाचवलेत. बरं, वेळ माहीत नाही तर पडदा कोरा ठेवा ना! कोरं घड्याळ बघून बाबा मला विचारतील. चुकीचं बघून झोपतात.

सध्या राउटरच्या छोट्या यूपीएसवर (लाईट गेली तरी चालू ठेवणारी बॅटरी) चालवतोय, अकराशे रुपये वर. अॅडॉप्टरचे व्होल्ट जुळवून घ्या. मी ऑनलाइन घेऊन फसलो. तुम्ही दुकानात घ्या, आणि पैसे देण्याआधी प्लग काढून परत लावायला सांगा. दुकानदार वैतागेल. वैतागू दे.